दोघांच्या कागदावर एकच आकडा

रात्री अकराला सिस्टरनं दारू सोडलेल्या पेशंटचा सीआयडब्ल्यूए स्कोअर, म्हणजे त्रासाचे गुण, ६ लिहिला. बाराला ड्यूटी बदलली आणि साडेबाराला ब्रदरनं त्याच पेशंटचा १७ लिहिला. दीड तासात पेशंट बिघडला, की मोजणारा बदलला? केस पेपर वाचून हे सांगता येत नसेल, तर त्या वॉर्डात डोस अंदाजपंचे ठरतोय. आणि त्याच कागदांवरून पुढे कुणी अभ्यास केला, तर तोही तसाच निघणार.

सातारा-सांगली पट्ट्यात व्यसनमुक्तीचं काम नवं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं साताऱ्याचं 'परिवर्तन' आहे, मिरजेत आणि कराडात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. माणसं आहेत, इच्छा आहे. कमी पडते ती मोजण्याची शिस्त. प्रशिक्षण म्हणजे हॉल, प्रोजेक्टर, दुपारचं जेवण आणि प्रमाणपत्र, आणि संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या लोकांचं काम, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. माझं मत वेगळं आहे. जिल्ह्याच्या पातळीवर ही दोन्ही कामं एकच आहेत. एकाच पेशंटला दोन प्रशिक्षित माणसांनी वेगवेगळं बसून तपासलं, तर दोघांच्या कागदावर जवळपास एकच आकडा यायला हवा. तो येत नसेल तर प्रशिक्षण झालेलं नाही, आणि संशोधन सुरू करायची वेळही आलेली नाही.

सीआयडब्ल्यूए-एआर ही दारू तोडल्यानंतरचा त्रास मोजायची पट्टी. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या आवृत्तीत दहा बाबी आहेत: मळमळ-उलटी, हाताची थरथर, घाम, मनाची घालमेल, शरीराची चुळबुळ, अंगावर काही चालल्यासारखं वाटणं, आवाजाचा त्रास किंवा भास, उजेडाचा त्रास किंवा भास, डोकेदुखी आणि भान. पहिल्या नऊ बाबींना ० ते ७ गुण, भानाला ० ते ४, एकूण ६७. ढोबळ मानानं आठच्या आत सौम्य, पंधराच्या वर गंभीर.

वाचायला सोपी आहे, गुण देताना घोळ होतो. थरथर बघायची तर पेशंटला दोन्ही हात समोर ताठ करून बोटं फाकवायला सांगायचं. डोळ्याला दिसत नाही, पण त्याच्या बोटांच्या टोकांना आपली बोटं लावली की जाणवते, तर १. हात पुढे केल्यावर मध्यम दिसते, तर ४. हात खाली असतानाही जोरात दिसते, तर ७. पुष्कळ जण बोटं लावून बघतच नाहीत, लांबून पाहून शून्य टाकतात. घामाचंही तसंच. तळवे ओलसर असतील तर १, कपाळावर थेंब उभे असतील तर ४, अंग भिजलं असेल तर ७. पण मे महिन्यात सांगलीच्या वॉर्डात पंखा बंद पडला की सिस्टरच्याही कपाळावर थेंब असतात. अशा वेळी शेजारच्या, दारूशी संबंध नसलेल्या पेशंटकडे एक नजर टाकावी आणि मग गुण द्यावेत. डोकेदुखीच्या बाबीत 'डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होतंय का' असं विचारायचं. गरगरणं त्यात धरायचं नाही, हे पट्टीवरच स्पष्ट लिहिलं आहे, तरी निम्मे लोक धरतात. घालमेल आणि चुळबुळ यांत सगळ्यात जास्त गल्लत होते. घालमेल विचारूनही कळते, चुळबुळ मात्र फक्त बघायची. माणूस 'मला काही होत नाही' म्हणत पलंगाभोवती येरझाऱ्या घालत असेल तर चुळबुळीचे गुण पूर्ण द्यायचे.

हे शिकवायची पद्धत साधी आहे. नव्या माणसाला अनुभवी माणसाबरोबर दहा पेशंटांकडे पाठवायचं. दोघांनी एकाच वेळी बघायचं, न बोलता वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, मग कागद शेजारी ठेवायचे. बेरीज जुळली म्हणून खूश व्हायचं नाही. एकाचे १२ थरथर-घामातून आलेले असतात, दुसऱ्याचे १२ भासांतून. पेशंट एकच, पण कागदावर आजाराच्या दोन वेगळ्या गोष्टी. बाबवार बघायचं, आणि जिथे एकापेक्षा जास्त गुणांचा फरक आहे तिथे त्याच पलंगाजवळ उभं राहून पुन्हा तपासायचं. चर्चा कॅन्टीनमध्ये नको, तिथे पेशंट नसतो. अभ्यासासाठी हेच जुळणं आकड्यात मांडायचं तर हो-नाही प्रकारच्या निदानाला 'कप्पा' (kappa) आणि गुणांना आयसीसी हे जुळणीचे निर्देशांक काढतात. कप्पा ०.६ च्या पुढे गेला की जुळणी चांगली मानायची पद्धत आहे.

पट्टी कुठे वापरायची नाही, हे शिकवायला मात्र बहुतेक वर्गांत वेळ उरत नाही. ताप आहे, डोक्याला मार आहे, साखर कमी झाली आहे, पेशंट गुंगीत आहे किंवा बोलतच नाही, तर स्कोअर फसवा. दारू पिऊन पडलेल्या माणसाच्या डोक्यात रक्त साकळलेलं असू शकतं आणि तोही गोंधळलेलाच दिसतो. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाचं औषध) चालू असेल तर नाडी आणि थरथर दबलेली राहतात. पट्टी निदान करत नाही. निदान झाल्यावर त्रास किती हे सांगते.

वेळापत्रक प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं हवं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या. आकडी बहुधा सहा ते अठ्ठेचाळीस तासांत. डीटी, म्हणजे भान हरपणं, भास, ताप, वाढलेली नाडी, हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. म्हणून 'शेवटचं कधी घेतली' हा प्रश्न 'किती घेता' याच्या आधी विचारायचा, आणि उत्तर तारखेत नाही, तासात लिहायचं. घरच्यांनी शनिवारी रात्री बाटली काढून घेतली आणि सोमवारी सकाळी आणलं, तर तो माणूस धोक्याच्या वेळेत दारात उभा आहे. 'दोन दिवस झाले, आता काय व्हायचंय' हे वाक्य ऐकून घरी पाठवलेल्या पेशंटची आकडी एसटीत येते.

औषध कसं द्यायचं यावर १९९४ साली जामा या नियतकालिकात एक नावाजलेला अभ्यास आला. १०१ पेशंट. अर्ध्यांना ठरावीक वेळेला क्लोरडायझेपॉक्साइड या शामक औषधाचा ठरावीक डोस, अर्ध्यांना स्कोअर वाढला तरच. स्कोअरवर देण्यात उपचाराचा काळ ६८ तासांवरून ९ तासांवर आला आणि एकूण औषध ४२५ मिलिग्रॅमवरून १०० वर. आकडे मोहक आहेत, म्हणून प्रशिक्षणात हटकून दाखवले जातात. पण त्या पद्धतीचा पाया म्हणजे रात्री दोनला आणि तीनलाही कुणीतरी येऊन मोजणार, ही खात्री. तीस पलंगांमागे एक ब्रदर असलेल्या केंद्रात ती खात्री नाही. तिथे ठरावीक डोस रोज कमी करत नेणं आणि वर गरजेपुरता जादा डोस, हेच सुरक्षित. आधी कधी आकडी येऊन गेली असेल त्याला तर स्कोअर कितीही कमी असो, ठरावीक डोसच. यकृत खराब असेल, कावीळ असेल, तर लोराझेपाम, कारण क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम यकृतातून सावकाश निघतात आणि साचत जातात. साधारण डायझेपाम १० मिलिग्रॅम म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिलिग्रॅम म्हणजे लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम, हा हिशेब भिंतीवर चिकटवून ठेवावा. प्रत्येक डोसआधी श्वास मोजायचा आणि हाक मारून उठतोय का बघायचं. डोस कुणी सांगायचा? डॉक्टरनं. बाकीच्यांनी स्कोअर बिनचूक सांगायचा.

थायमिनबद्दल, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ बद्दल, एकच सांगतो, कारण यात होणारी चूक आयुष्यभर पुरते. आपल्याकडे पेशंट खात नाही म्हटलं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आधी 'ताकदीची सलाइन' लागते, म्हणजे डेक्स्ट्रोज, साखरेची सलाइन. जुन्या दारुड्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं आणि साखर जाळायला तेच लागतं. आधी थायमिन, मग किंवा बरोबरच डेक्स्ट्रोज. साखर धोकादायक कमी झाली असेल तर मात्र थायमिन सापडेपर्यंत डेक्स्ट्रोज अडवून धरायचं नाही. गोंधळ, चालताना झोकांड्या आणि डोळ्यांच्या हालचालीत बिघाड ही वर्निकेची, म्हणजे थायमिन संपल्यानं होणाऱ्या मेंदूच्या आजाराची, तीन लक्षणं पुस्तकात एकत्र छापलेली असतात, पेशंटमध्ये तिन्ही एकत्र फार थोड्या वेळा दिसतात. एक दिसलं तरी संशय घ्यायचा. संशय असेल तर शिरेतून ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १०० मिलि सलाइनमध्ये अर्ध्या तासात. बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शननं हे भागत नाही, ॲम्प्यूलवर थायमिन किती मिलिग्रॅम आहे ते वाचून बेरीज करा, मग कळेल.

आता पिण्याचं माप. 'रोज एक क्वार्टर' असं लिहिलेले केस पेपर हजारोंनी सापडतील आणि त्यांचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही. मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७८९, भागिले शंभर, म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ४२.८ टक्क्यांची १८० मिलिची क्वार्टर म्हणजे जवळपास ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट (AUDIT) या पिण्याची सवय तपासणाऱ्या प्रश्नावलीत एक प्रमाणित ड्रिंक १० ग्रॅमचं धरतात, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सहा ड्रिंक. नाइन्टी म्हणजे तीन. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलि, म्हणजे चार, आणि 'मी फक्त बिअर घेतो' या वाक्याचा निकाल इथेच लागतो. लष्करी कॅन्टीनच्या रमची ७५० मिलिची बाटली म्हणजे पंचवीस, आणि माजी सैनिकांची गावं असलेल्या साताऱ्यात हा प्रश्न विचारायला विसरू नये. एकाच वेळी ६० ग्रॅम किंवा जास्त याला संघटना 'भरमसाट पिणं' म्हणते, तेव्हा आपल्याकडच्या हिशेबात एक क्वार्टर झाली की तो दिवस त्यातच गेला. देशीचं लेबल प्रत्येक वेळी वाचायचं. हातभट्टीला लेबल नसतं, तिथे ग्रॅम काढायचा आव आणू नये. किती ग्लास, ग्लास केवढा, एवढं लिहावं आणि विश्लेषणात ते दिवस वेगळे दाखवावेत.

ऑडिटचे दहा प्रश्न, ० ते ४० गुण. आठच्या पुढे धोकादायक पिणं, वीसच्या पुढे अवलंबित्वाचा दाट संशय. प्रश्न क्रमानं, आहेत तसे, सूर न बदलता विचारायचे. 'म्हणजे सकाळी उठल्या उठल्या तर घेत नसाल ना?' असं विचारलं की उत्तर आपणच दिलेलं असतं.

खरी माहिती मिळते ती टीएलएफबी या कॅलेंडर-पद्धतीतून. गेल्या नव्वद दिवसांचं कॅलेंडर समोर ठेवून रोज किती घेतली ते पेशंटबरोबर बसून भरायचं. इंग्रजी पुस्तिकांत आठवणीला खुंट्या म्हणून ख्रिसमस आणि थँक्सगिव्हिंग असतात. आपल्या खुंट्या इथल्या हव्यात. गावची जत्रा, आठवडी बाजाराचा वार, बेंदूर, मांढरदेवची यात्रा, पालच्या खंडोबाची यात्रा, शिराळ्याची नागपंचमी, तासगावचा रथ, उसाचं बिल खात्यावर आल्याचा दिवस, कारखान्याचा पगार, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, भावकीतलं लग्न, दहावं-बारावं. आधी या तारखा कॅलेंडरवर टाकायच्या, मग 'जत्रेच्या आदल्या दिवशी?' असं विचारत दोन्ही बाजूंना सरकायचं. जे दिवस अजिबात प्यायला नाही ते आधी भरून घ्यावेत, दवाखान्यातले, वारीतले, उपवासाचे. उरलेल्यांत नेहमीचा दिवस आणि जास्तीचा दिवस वेगळा काढावा. सरावल्यावर अर्ध्या तासात होतं. यातून तीन आकडे निघतात: न पिण्याच्या दिवसांची टक्केवारी, पिण्याच्या दिवसाला सरासरी ड्रिंक, आणि भरमसाट पिण्याचे दिवस. अभ्यासाचा निकाल यातल्या कुठल्या आकड्यावर ठरणार, हे पहिला पेशंट घेण्याआधी लिहून ठेवायचं. नंतर जो चांगला दिसेल तो निवडणं ही लबाडी आहे, हेतू कितीही शुद्ध असो.

आणि श्रावण. आपल्याकडच्या छोट्या अभ्यासांत मी सगळ्यात आधी भरतीचे महिने बघतो. जत्रांच्या दिवसांत, चैत्र-वैशाखात पेशंट घेतले, उपचार केला आणि तीन महिन्यांनी, म्हणजे आषाढ-श्रावणात मोजलं, तर न पिण्याचे दिवस वाढलेले दिसणारच. वारीला गेलेला पीत नाही, श्रावण पाळणारा पीत नाही, त्यात आपल्या समुपदेशनाचा वाटा किती हे कळायला मार्ग नाही. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तो त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. तिथून काही न करताही तो थोडा वर येतोच. म्हणून आधी आणि नंतर अशी नुसती तुलना पुरत नाही. त्याच महिन्यांत, त्याच तालुक्यांतून, नेहमीचे उपचार घेणारा दुसरा गट लागतो आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीनं ठरावं लागतं. चिठ्ठ्या बंद, क्रमांक टाकलेल्या, अपारदर्शक पाकिटांत, आणि त्या पेशंट घेणाऱ्या माणसाच्या टेबलात ठेवायच्या नाहीत. कळवळ्यानं 'याला समुपदेशनाची गरज जास्त आहे' म्हणत पाकीट उजेडात धरणारे लोक असतात.

समुपदेशनाचं प्रशिक्षण हा या सगळ्यातला सर्वांत ढिसाळ भाग. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली प्रेरणादायी मुलाखत ही पद्धत, म्हणजे उपदेश न करता बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून काढणं, आपल्याकडे प्रत्येक केंद्र 'आम्ही वापरतो' म्हणून सांगतं. २००४ साली मिलर आणि सहकाऱ्यांनी १४० व्यावसायिकांवर केलेला एक अभ्यास आहे, विषय हाच की ही पद्धत शिकवायची कशी. नुसती कार्यशाळा केलेल्यांची सुधारणा काही महिन्यांत ओसरत गेली. ज्यांना पुढे रेकॉर्डिंगवरून अभिप्राय आणि शिकवणी मिळाली त्यांची टिकली. त्याआधीच्या एका अभ्यासात तर कार्यशाळेनंतर लोकांना आपण तरबेज झालो असं वाटत होतं आणि टेप तसं सांगत नव्हती. आपल्या भागातल्या प्रशिक्षणांचा पैसा मात्र अजूनही हॉलवर आणि जेवणावर जातो.

टेप ऐकायची पद्धत अशी. पेशंटची लेखी परवानगी घेऊन सत्र मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. मोबाइल केंद्राचा, कुलूपबंद. त्यातला कुठलाही वीस मिनिटांचा तुकडा घ्यायचा. समुपदेशकाला आपला आवडता तुकडा निवडू द्यायचा नाही. एमआयटीआय या गुणपद्धतीत त्या तुकड्यात प्रश्न किती, प्रतिबिंब किती हे मोजतात. पेशंटचं म्हणणं जवळपास तसंच परत सांगणं हे साधं प्रतिबिंब. त्यामागचा न बोललेला अर्थ पुढे ठेवणं हे गुंतागुंतीचं. पेशंट म्हणाला, 'पोरगी आता माझ्याजवळ बसत नाही.' 'बसत नाही तुमच्याजवळ' हे साधं. 'तिचं लांब जाणं दारूपेक्षा जास्त लागतंय' हे गुंतागुंतीचं. 'का बसत नाही?' हा प्रश्न. आणि 'बसेल कशी, तुम्ही पिऊन येता' ही टक्कर. प्रश्नाला निदान एक प्रतिबिंब, चांगल्या कामात दोन, आणि एकूण प्रतिबिंबांत निम्मी गुंतागुंतीची, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या टेपांत प्रश्नांची सरबत्ती असते, त्यावर कीर्तन. शपथा घालणं, बायकोला समोर बसवून माफी मागायला लावणं, गंडा बांधणं, हे सगळं 'समुपदेशन' या रकान्यात लिहिलेलं असतं. बरे झालेले जुने पेशंट उत्तम समुपदेशक होऊ शकतात, पण आपण ज्या वाटेनं सुटलो तीच सगळ्यांनी धरावी हा त्यांचा हट्ट टेपेवरच पकडता येतो, समोरासमोर सांगून पटत नाही.

हे आपल्याला झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एक ते चार छोटी सत्रं घेतली. ते एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण देत, तेच त्यांचं पर्यवेक्षण. ऑडिट १२ ते १९ असलेले ३७७ पुरुष, निकाल २०१७ साली लॅन्सेटमध्ये. तीन महिन्यांनी ऑडिट आठच्या खाली आलेले समुपदेशन-गटात ३६ टक्के, दुसऱ्या गटात २६. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले ४२ विरुद्ध १८. पण जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या प्रमाणात फरक पडला नाही. हेही त्यांनी तितक्याच स्पष्ट छापलं. साताऱ्याच्या प्राथमिक केंद्रांत हे जसंच्या तसं लागू पडेल का, हे इथे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ऑडिट वीसच्या पुढचे लोक त्यात नव्हते आणि आपल्या केंद्रात येणारे बहुतेक तेच असतात.

डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू घेतली तर त्रास देणाऱ्या गोळीची, गोष्ट याहून बोधप्रद. गोळी २५० मिलिग्रॅम, शेवटच्या दारूनंतर निदान बारा तासांनी सुरू, आधी यकृताची तपासणी, आणि बंद केल्यावरही चौदा दिवसांपर्यंत दारू घेतल्यास त्रास होऊ शकतो. खोकल्याची काही औषधं, आफ्टरशेव्ह यांतही अल्कोहोल असतं, हे सगळं आधी समजावून सांगायचं. मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक बरोबर द्यायचं नाही, भ्रम होतो. मुंबईतल्या शंभर पुरुषांवरच्या २००४ सालच्या अभ्यासात वर्षाअखेर डायसल्फिराम घेणारे ८६ टक्के दारूपासून दूर होते, नालट्रेक्सोन हे ओढ कमी करणारं औषध घेणारे ४४ टक्के. आकडा बघून हुरळण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. गोळी कुठली हे पेशंटला माहीत होतं, आणि रोज गोळी देणारं माणूस घरात होतं. डायसल्फिराम चालतं ते मुळात भीतीवर. म्हणूनच जे अभ्यास पेशंटला न कळू देता केले त्यांत त्याचा फायदा दिसत नाही. मग खानापूर-आटपाडीचा गलाई (सोनं-चांदी गाळणारा) कारागीर, जो परराज्यात दुकानात एकटा झोपतो, त्याला हा ८६ लागू पडत नाही. आणि चहात, आमटीत न सांगता गोळी घालणं, जे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ज्याच्या जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात, त्यात भीतीचा फायदा शून्य आणि रक्तदाब कोसळण्याचा धोका पूर्ण.

संमतीबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. संशोधनासाठी त्या माणसाची स्वतःची, मोकळी, समजून दिलेली संमती लागते. भावानं फॉर्मवर सही केली, चालणार नाही. भरतीच्या पहिल्या रात्री घेतलेली सहीही माझ्या मते कचऱ्यात टाकावी. स्कोअर आठच्या खाली आला, तारीख-वार-ठिकाण बिनचूक सांगतोय, मग विचारायचं. माहिती वाचून दाखवल्यावर 'समजलं का' असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. 'नाही म्हणालात तर उपचाराचं काय होईल?', 'मधेच सोडायचं असेल तर काय करायचं?', 'चिठ्ठीत काय निघेल हे कोण ठरवतं?' असे तीन-चार प्रश्न विचारून उत्तरं त्याच्या तोंडून वदवून घ्यायची. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. आणि जो समुपदेशक त्याच्यावर उपचार करतो त्यानं संमती घेऊ नये, कारण त्याला नाही म्हणणं पेशंटला जड जातं. नैतिक समितीची मान्यता आधी, औषध-उपचाराची चाचणी असेल तर पहिल्या पेशंटआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. छोट्या केंद्राकडे समिती नसते, त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाशी करार करावा, कागद जास्त लागतात पण मार्ग तोच.

सगळ्यात जास्त अभ्यास बुडतात ते पाठपुराव्यात. समजा साठ पेशंट घेतले, सहा महिन्यांनी पंचवीस सापडले, त्यातले वीस पीत नाहीत. अहवालात ८० टक्के यश छापता येतं. छेदात साठ घेतले की तेहतीस. न सापडलेले पीत आहेत असं धरायचं, ही या क्षेत्रातली जुनी आणि रास्त सवय. पाटणचा माणूस मुंबईला माथाडीत असतो, विट्याचा गलाईवर परराज्यात, ऊसतोडीचं बिऱ्हाड हंगाम संपला की जिल्ह्याबाहेर. भरतीच्या वेळी एक नंबर घेऊन हे सापडत नाहीत. त्याचा स्वतःचा, बायकोचा किंवा आईचा, आणि ज्याच्याशी तो कामाच्या ठिकाणी बोलतो त्या मुकादमाचा किंवा गाववाल्याचा, असे तीन नंबर घ्यावेत. तिसऱ्याला कुठल्या कारणानं फोन करतोय म्हणून सांगायचं, हे पेशंटकडूनच ठरवून घ्यावं, नाहीतर गावात नाव होतं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक छोटा फोन केला तर सहाव्या महिन्यात तो उचलला जातो. सणाला गावी येणार असेल तर मुलाखत तेव्हाच लावावी, एसटीचं भाडं द्यावं. फॉर्मवर 'माहिती कोणाकडून' हा रकाना हवाच. बायकोनं सांगितलेलं आणि त्यानं सांगितलेलं वेगळं असेल तर दोन्ही लिहायचं, सरासरी काढायची नाही.

तोंडी माहितीला रक्ताची जोड देता येते, पण कुठली तपासणी किती मागचं सांगते हे ठाऊक हवं. श्वासातली दारू मोजणारं यंत्र काही तासांपुरतं, तेही काही खाल्ल्या-प्याल्याला पंधरा मिनिटं झाल्यावर. लघवीतलं ईटीजी, म्हणजे शरीरात दारूपासून बनणारा पदार्थ, साधारण तीन दिवस. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम उतरायला काही आठवडे लागतात, आणि ते दारूशिवाय इतर कारणांनीही वाढतं. एमसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आकार, तर महिनोन्महिने वरच राहतं, त्यामुळे दोन महिने कोरडा असलेल्याला एमसीव्ही दाखवून खोटं पाडू नये.

लघवीच्या पट्ट्यांबद्दल अलीकडे विचारणा वाढली आहे, कारण उघड आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडीचा साठा पकडला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे इथं कारखानाच सापडला. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बाजारातल्या नेहमीच्या पाच पदार्थांच्या किटवर भरवशानं दिसत नाही. ॲम्फेटॅमिनची रेघ त्याला पकडेलच असं नाही. ट्रामाडोल आणि टॅपेंटाडोल ही नशेसाठी वापरली जाणारी वेदनाशामकंही मॉर्फिनच्या रेघेवर येत नाहीत. गांजा उलट, रोज ओढणाऱ्यात सोडल्यावरही काही आठवडे येत राहतो. नमुना घेतल्यावर चार मिनिटांच्या आत तापमान बघावं, ३२ ते ३८ अंशांत नसेल तर नमुना पुन्हा. आणि कागदावर 'पदार्थ घेतलेला नाही' असं लिहू नये. किटचं नाव, त्यावरचे पाच पदार्थ, नमुन्याची वेळ आणि 'या पाचांसाठी निगेटिव्ह' एवढंच लिहावं.